पाचव्या वाढदिवसाच्या तीन गाड्या: मेट्रो, फुलराणी आणि कोथरूडची छोटी रेल्वे

गेल्या वर्षी थोरल्याचा चौथा वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता. फुगे, रिटर्न गिफ्ट, चाळीसेक माणसं. पहिलं गाणं मोठ्यानं लागलं आणि तो दोन्ही कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसला. केक कापायला उचलून आणावं लागलं. त्या दिवसाच्या फोटोंत सगळे हसताहेत आणि ज्याचा वाढदिवस तोच रडतोय. मला ते फोटो अजून बघवत नाहीत.

त्याला मोठा आवाज सोसत नाही. आमच्या घरी मिक्सर लावायचा तरी आधी त्याला सांगतो. पण गाड्यांचं वेड असं, की खेळण्यातले डबे उशाशी घेऊन झोपतो. म्हणून या डिसेंबरात ठरवलं, हॉल नको, पाहुणे नकोत. दिवसभर फक्त गाड्या. आम्ही दोघं, सासूबाई, पाच वर्षांचा थोरला आणि दोन वर्षांची धाकटी. वाढदिवस शुक्रवारी आला होता, दोघांनीही रजा टाकली. शाळेला एक दिवस दांडी झाली, त्याचं मला काही वाटलं नाही. जमत असेल तर तुम्हीही आडवारीच जा, शनिवार-रविवारी हीच ठिकाणं गर्दीनं दमवतात.

सकाळी साडेसहाला औक्षण. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ताटात निरांजनाभोवती पाच छोटे दिवे लावले, अंगठी आणि सुपारी ओवाळली, अक्षता टाकल्या. एरवी तो ताटासमोरून पळतो. त्या दिवशी पाटावर हलला नाही, फक्त विचारलं, "आजी, गाडी किती वाजता?" निघण्याआधी दोघांना पोटभर शिरा आणि दूध दिलं. हे आवर्जून करा, कारण मेट्रोत खाता येत नाही, आणि पोट रिकामं असलेलं मूल म्हणजे दहा मिनिटांत रडारड.

पुण्यातल्या आमच्या आनंदनगर स्टेशनवरून सव्वासातची मेट्रो धरली. इतक्या सकाळी डबा जवळजवळ मोकळा असतो, खिडकीजवळची जागा मिळते आणि मुलांना गुडघ्यावर बसून बाहेर बघता येतं. भाडं 10 रुपयांपासून 35 रुपयांपर्यंत आहे. धाकटीची उंची तीन फुटांच्या आत, तिचं तिकीट लागलं नाही. तिकीट मोबाइलवर काढता येतं, पण थोरल्याला हातात धरायला तिकीट हवं होतं म्हणून खिडकीवरून कागदी घेतलं. दारातल्या यंत्राला तो कागद त्यानं स्वतः दाखवला आणि झडपा उघडल्यावर माझ्याकडे वळून बघितलं. तेवढ्यासाठी रांगेतली पाच मिनिटं काहीच नाहीत.

गरवारे कॉलेजनंतर गाडी नदीकडे वळते. डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्टेशनांची छतं मावळ्यांच्या पगडीसारखी केली आहेत. ती आतून नीट कळत नाहीत, बाहेरून बघायची असतील तर वेगळं उतरावं लागेल, आणि मुलांबरोबर ते करू नका. या टप्प्यात मुठेच्या काठाकाठानं जाणारी मेट्रो हाच खरा पाहण्याचा भाग आहे. खाली पाणी, काठावर बगळे, पुलावरून जाणाऱ्या दुचाकी. थोरला काचेला नाक लावून बसला होता.

जिल्हा न्यायालय स्टेशनवर गाडी बदलायची. वनाज-रामवाडी मार्ग इथे उंचावरून जातो आणि स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटरवरून सुटते. म्हणजे वरच्या फलाटावरून खाली, आणखी खाली, अजून खाली. सरकते जिने लांबलचक आहेत. कडेवर मूल आणि खांद्यावर पिशवी असेल तर सरळ लिफ्ट गाठा. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना लिफ्टचाच आधार झाला. आम्ही ढकलगाडी घरी ठेवून धाकटीला पट्ट्याच्या झोळीत बांधलं होतं, ते बरं झालं. गाडी बदलायला पंधरा मिनिटं हातात ठेवा, मुलांना प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी थांबून बघायचं असतं.

भुयारातून येणाऱ्या गाडीचा आवाज वर येणाऱ्या गाडीपेक्षा वेगळा असतो, घुमत येतो. मी थोरल्याच्या कानात घालायला कापूस आणला होता. पण आई त्याच्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "आता लांबून वारा येईल, मग आवाज येईल, मग गाडी येईल हं." वारा आला. त्यानं माझं बोट घट्ट धरलं. आवाज आला. हात कानांकडे गेले, पण अर्ध्यात थांबले, कारण पुढची गोष्ट काय ते त्याला माहीत होतं. गाडी आली. कापूस पिशवीतच राहिला. ज्यांच्या मुलांना आवाजाची भीती आहे त्यांना मी हे हात जोडून सांगेन. "काही नाही होत, घाबरू नकोस" असं म्हणू नका. काय होणार आहे ते होण्याआधी, त्याच क्रमानं सांगा. मी दोन वर्षं पहिलं करत होते.

जिल्हा न्यायालयाहून कसबा पेठेकडे जाताना गाडी मुठेच्या पात्राखालून जाते. बाबानं त्याला सांगितलं, मघाशी खिडकीतून दिसली ना, तीच नदी आता आपल्या डोक्यावर आहे. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मासे पण?" हो, मासे पण.

स्वारगेटहून सारसबाग जवळच आहे, पण सकाळी त्या चौकात वाहनांची झुंबड असते. दोन लहान मुलं घेऊन चालण्यापेक्षा रिक्षा करा.

तळ्यातल्या गणपतीला आम्ही साडेआठच्या आत पोचलो. सवाई माधवरावांनी 1784 मध्ये स्थापन केलेला हा गणपती. तेव्हा भोवती खरंच तळं होतं, म्हणून हे नाव. थंडी पडली की इथल्या मूर्तीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात, आणि तीच पाहायला डिसेंबरात सकाळी लवकर जायचं. धाकटी स्वतःच्या कानटोपीला नेहमी ओढून काढते. त्या दिवशी बाप्पाकडे बघितलं, स्वतःच्या टोपीला हात लावला आणि म्हणाली, "बाप्पा टोपी." दर्शन होईपर्यंत टोपी डोक्यावर राहिली. चपला काढाव्या लागतात आणि सकाळची फरशी बर्फासारखी असते, मुलांना मोजे घालून न्या.

नंतर हिरवळीवर सतरंजी टाकून डबा उघडला. गूळपोळी, तूप, मेथीचे ठेपले, सोललेली संत्री. बाहेर खायला मिळतं, पण पाणीपुरी-भेळ लहान मुलांच्या दिवसाच्या सुरुवातीला नको. मुलं तासभर नुसती पळाली. समोर पर्वती दिसते आणि "एवढे आलोच आहोत तर" हा मोह होतो. आमच्या ह्यांनाही झाला. मी ठाम नाही म्हटलं. शंभरावर पायऱ्या आहेत, चढताना मुलं उत्साहानं चढतात आणि उतरताना दोघंही कडेवर येतात. पर्वतीला वेगळा दिवस द्या.

फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, शेजारच्याच पेशवे पार्कात आहे. 1956 पासून ती इथे मुलांना फिरवते आहे. आई सदाशिव पेठेत वाढलेल्या. सहा-सात वर्षांच्या असताना त्या वडिलांचं बोट धरून चालत इथे यायच्या. तेव्हा इथे प्राणिसंग्रहालय होतं, पुढे 1999 मध्ये प्राणी कात्रजला गेले. "इथे वाघ होता," त्या नातवाला दाखवत होत्या, "आणि त्याची डरकाळी ऐकली की मी माझ्या बाबांच्या धोतरात तोंड लपवायचे." थोरला एकदम थांबला. आजीलाही भीती वाटायची, ही बातमी त्याला नवी होती. मग रांगेत त्यानं तीच गोष्ट तीनदा सांगायला लावली.

रांगेचं सांगते. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना. आम्ही तिकिटाशी पोचलो तेवढ्यात एका शाळेच्या दोन बस आल्या आणि आमच्या पुढे शंभरेक मुलांची ओळ लागली. पाऊण तास थांबावं लागलं. धाकटी कंटाळून जमिनीवर बसली, थोरला रडवेला झाला आणि माझाही आवाज चढला. वाढदिवसाच्या दिवशी त्याच्यावर ओरडले याचं मला अजून वाईट वाटतं. आम्ही हिरवळीवर रेंगाळलो नसतो तर हे टळलं असतं. तेव्हा डबा नंतर खा, आधी फुलराणी. ती त्या दिवशी चालू आहे ना याचीही निघण्याआधी चौकशी करा, दुरुस्तीसाठी मधूनमधून बंद असते. रांगेसाठी पिशवीत खडू किंवा छोट्या गाड्या ठेवा. आमचा वेळ शेवटी दोन डब्यांच्या खेळण्यानं निभावला.

आमची पाळी आली. मला वाटलं होतं आई बाकावर बसून मुलांचे फोटो काढतील. त्यांनी पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवून डब्यात चढल्या आणि नातवाशेजारी बसल्या. जागा मुलांच्या मापाची, त्यामुळे गुडघे हनुवटीशी आले होते. एका हातानं त्यांनी पुढची दांडी धरली होती, दुसरा हात नातवाच्या पाठीवर. "आता शिट्टी वाजेल हं," त्या म्हणाल्या. शिट्टी वाजली. त्याचे दोन्ही हात मांडीवरच होते.

मी मागच्या डब्यात धाकटीला घेऊन बसले होते, मला त्याची पाठ आणि आईंचा अंबाडा एवढंच दिसत होतं. फेरी काही मिनिटांचीच. उतरल्यावर त्यानं विचारलं, "आजी, तुझ्या वेळेला पण अशीच वाजायची?" त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, बोलता येत नव्हतं त्यांना.

बारा वाजता घरी परत. धाकटी खांद्यावर झोपली होती, झोपलेल्या मुलाला घेऊन पुन्हा ते सगळे जिने करण्यात अर्थ नव्हता, म्हणून सरळ रिक्षा. थोरला मेट्रोसाठी रुसला, पण टिळक रस्ता येईपर्यंत तोही पेंगला. दुपारची झोप कुठल्याही कारणानं बुडवू नका. संध्याकाळ त्या झोपेवरच उभी असते.

चारनंतर कोथरूडमधल्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात गेलो. कर्वे रस्त्यावरून संगम प्रेसच्या बाजूला वळायचं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं हे संग्रहालय 1998 मध्ये सुरू झालं. एका खोलीत अख्खं शहर मांडलं आहे. रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, रस्त्यावरचे दिवे, आणि त्यातून वेगवेगळ्या तऱ्हेच्या गाड्या खरोखर धावतात. माहिती सांगत खेळ होतो, साधारण अर्ध्या तासाचा. आठवड्यातल्या वारांप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून आधी फोन करा, आणि खेळ सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी पोचा म्हणजे पुढची जागा मिळते. लहान मुलांना मांडीवर किंवा कडेवर घ्यावं लागतं, नाहीतर मांडणी नीट दिसत नाही. हात लावायचा नाही, हे घरूनच सांगून न्या. हाताच्या अंतरावर गाडी धावताना हात मागे ठेवणं पाच वर्षांच्या मुलाला फार जड जातं. थोरल्यानं दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले होते.

तीन ठिकाणांपैकी दोनच करायची असतील तर मी हे आणि फुलराणी निवडेन, मेट्रो तर पुण्यात केव्हाही होईल.

खेळाच्या मध्ये खोलीतले दिवे मंदावले आणि त्या छोट्या शहराचे दिवे लागले. त्याच्या अगदी आधी, खोलीत कुजबुज सुरू झाली तेव्हा, थोरला माझ्या कडेवरच्या धाकटीकडे वळला, तिचा पाय धरला आणि म्हणाला, "आता काळोख होईल, मग छोटे दिवे लागतील हं." त्याला हे कसं कळलं मला माहीत नाही, बहुतेक बाबानं सांगितलं असावं. दिवे लागले तेव्हा धाकटी टाळ्या वाजवत होती आणि त्यानं तिचा पाय सोडला नव्हता.

तिथून घरी चालतच आलो. तो पुढे, कोपरं वाकवून, इंजिन होऊन. रात्री पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेवयांची खीर. केक मी घरीच केला होता, मेणबत्त्या पाच. "हॅपी बर्थडे" त्याच्या सांगण्यावरून आम्ही हळू आवाजात म्हटलं.