कब्रस्तानात गीत कोण घेणार?

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या एका आजींच्या मातीला गेलो होतो. चर्चमधली उपासना नीट पार पडली, कीबोर्ड होता, माईक होता, मग सगळे कब्रस्तानात. पेटी खाली सोडली (वाजवायची नव्हे, दुसरी), लोकांनी मूठमूठ माती टाकली आणि पाळक साहेब म्हणाले, एक गीत घ्या. कुणी घेईचना. आमच्या वर्शिप टीमची सहा पोरं तिथंच उभी, रविवारी अर्धा अर्धा तास गाणारी, पण स्क्रीन नाही म्हटल्यावर एकमेकांची तोंडं बघतायत. शेवटी मागून एका मावशींनी ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं गीत उचललं, पट्टी इतकी वर धरली की दुसऱ्या कडव्याला निम्म्यांचा आवाजच बसला, तरी म्हातारी माणसं शेवटपर्यंत म्हणत राहिली. पुस्तक एकाच्याही हातात नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

मी स्वतः पंधरा वर्षं चर्चमध्ये तबला वाजवलाय, त्यामुळे ड्रम आला म्हणून बोंब मारणाऱ्यातला मी नाही. गिटार वाजवा, काहीही वाजवा. पण मंडळीला गाता आलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे. आता होतं काय, की युट्यूबवरचं गाणं त्या गायकाच्याच पट्टीत उचलायचं, ना बायकांना झेपत ना बाप्यांना, आणि एकच ओळ परत परत, एकदा मी मोजली तर अकरा वेळा, आणि खाली बसलेले लोक टाळ्या वाजवत ऐकतायत, म्हणजे उपासना पुढच्या सहा जणांची आणि बाकी आम्ही प्रेक्षक.

हे बोललं की पोरं म्हणतात, काका, टिळकपण (लोकमान्य नव्हे, आमचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक) त्यांच्या काळात नवीनच होते ना? बरोबर आहे, मी तिथं गप्प बसतो. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, आणि त्याआधी मंडळ्यांमध्ये परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं भरपूर म्हटली जायची. टिळकांनी अभंग, ओवी उचलली. का, तर जात्यावर बसणाऱ्या बाईच्या तोंडात ती लय आधीपासून होती, तिला नवीन शिकवायचे ते फक्त शब्द. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या, आणि ते चर्चमधून लोकांना वाचून दाखवायचे. म्हणजे नवं-जुनं हा मुद्दाच नाही हो, समोरच्याच्या तोंडात बसतंय का ते बघा. तुमचं नवीन गाणं त्या मावशींना पाठ झालं तर मी तबला घेऊन तुमच्या मागं बसतो.

आता आउटरीच, म्हणजे चर्चबाहेरच्या लोकांत जाऊन करायचं काम. तिथंही हाच रोग. गेल्या वर्षी आमच्या तरुण संघानं शेजारच्या वस्तीत मेडिकल कॅम्प घेतला, बॅनर, टी-शर्ट, सुरुवातीला दोन गाणी, मग बीपी आणि साखर तपासणी. कमिटीच्या रिपोर्टमध्ये लाभार्थी दोनशेच्या वर, फोटो ग्रुपवर. तीन महिन्यांनी भाजीबाजारात एका बाईनं मला थांबवलं, म्हणाली भाऊ, तुमच्या लोकांनी बोट टोचून साखर लई आहे म्हणून सांगितलं, पुढं काय करायचं ते सांगितलंच नाही. मला तिथं कोथिंबिरीच्या जुडीकडं बघत उभं राहावं लागलं.

आणि वर आमचे लोक कुरकुरतात की वस्तीतले संशयानं बघतात, धर्मांतराचं आमिष म्हणतात. अरे, एक दिवस येऊन फोटो काढून गेल्यावर दुसरं काय म्हणतील! वाढदिवसाला, बाळंतपणाला, मयताला कधी त्या गल्लीत गेलो का आपण? टिळकांनी शेवटी, 1917 ला, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आमच्या कमिटीत हे सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, मग मेंबरशिप कशी मोजायची?

असो. कॅम्पची वही मी शोधून काढली, साखर जास्त निघालेली चौदा नावं. महिला मंडळातल्या दोघी आता एकेकीला घेऊन सिव्हिलला जातात, केसपेपर काढण्यापासून. पाच जणी झाल्या, दोघी घर सोडून गेल्यात, एकीच्या सासूनं सांगितलं येऊ नका, तर नाही जात.

आणि शनिवारच्या प्रॅक्टिसला पहिलं गीत माईकशिवाय, पुस्तकातलं, असं ठरलंय. मावशीपण येतात. सध्या भांडण पट्टीवर अडकलंय, पोरांना वाजवायच्या पेटीची पांढरी पाच पाहिजे आणि मावशी म्हणतात काळी एकच्या वर गेलात तर मी घरी चालले.