तुम्ही विचारलंत म्हणून: नोरिकोच का?

ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशनचा, विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. ‘एवढ्या शूर नायिका पाहिल्यात, मग आवडती म्हणून त्या रडक्या नोरिकोचंच नाव का घेता?’

नोरिको ताकाया ‘गनबस्टर’ची नायिका. हिदेआकी आन्नो यांचं हे पहिलं दिग्दर्शन, १९८८-८९ मध्ये थेट व्हिडिओवर आलेले सहा भाग. नोरिको ओकिनावातल्या मुलींच्या शाळेत यंत्रमानव चालवायला शिकते आणि सारखी धडपडते. वडील ॲडमिरल, अंतराळातल्या राक्षसांच्या हल्ल्यात गेलेले. प्रशिक्षकांनी तिला निवडल्यावर मुली कुजबुजतात, वशिल्याची आहे. ती रडते, हे खरंच. पहिल्या लढाईत तिचे हातपाय गळतात आणि जोडीदार स्मिथ परत येत नाही.

मला नोरिको उमगली ती अंतराळातून घरी परतते तेव्हा. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्याचं एक वर्ष म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. जपानी लोक याला ‘उराशिमा परिणाम’ म्हणतात. समुद्रतळीच्या महालात थोडे दिवस राहून गावी परतलेल्या, आणि तोवर तीनशे वर्षं उलटून गेलेल्या, उराशिमा तारोच्या लोककथेवरून. आपल्याकडे रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेलेला ककुद्मी राजा आहे, तसंच.

नोरिकोची शाळेतली जिवलग मैत्रीण किमिको. पाचव्या भागात दोघी भेटतात तेव्हा पृथ्वीवर दहा वर्षं सरलीत. किमिकोसोबत तिची लहानगी लेक आहे, आणि नोरिको अजून शाळकरीच. लढाईचे प्रसंग मी विसरेन, हा नाही. शिकायला बाहेर पडले तेव्हा माझ्याही मैत्रिणीचं लग्न चुकलं, मग बारसंही. पुढे तिच्या घरी गेले तर दार उघडलं तिच्या मुलाने, आणि आत वळून ओरडला, ‘आई, कुणीतरी आलंय.’

सहावा भाग जवळजवळ सगळा कृष्णधवल. नोरिकोची लढाईतली जोडीदार काझुमी, जिला ती ओनेसामा म्हणते (आपल्या ‘ताई’हून जरा जास्त आदबीचं), आता तिच्याहून पंधरा वर्षांनी आणखी मोठी झालेली. राक्षसांना संपवायला गुरू ग्रहापासून बनवलेला बाँब फुटत नाही, म्हणून दोघी आपल्या महाकाय यंत्रमानवाचं, गनबस्टरचंच, एक इंजिन त्यात झोकायला निघतात. परतायला पृथ्वीची बारा हजार वर्षं लागणार, हे दोघींना ठाऊक आहे. त्या घडीला नोरिकोच्या तोंडी नाव येतं ते किमिकोचं. आता भेट नाही म्हणून ती तिची माफी मागते. माझ्या लेखी शौर्य ते इतकंच, आणि तिथेही तिचे डोळे भरलेलेच आहेत.

त्या परततात तेव्हा पृथ्वीवर मिट्ट काळोख. मग एकेक दिवा लागत जातो, पडद्यावर रंग येतो, आणि दिव्यांची अक्षरं होतात: ‘ओकाएरिनासाई’. बाहेरून घरी आलेल्या माणसाला जपानी घरात दारातच म्हणतात तो शब्द. त्यातलं शेवटचं अक्षर उलटं काढलंय. ती लिपी आता कुणी लिहीत नसावं, तरी कुणीतरी आठवून आठवून काढलं असावं.