अर्धी गोळी

गुरुवार, रात्री साडेदहा

आत्ताच पिल्लू झोपला, दादाचा मुलगा. त्याच्या ल्युकेमियावरची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवरची, सिक्स-एमपी नावाच्या औषधाची गोळी घेऊन. ५० मिलिग्रॅमची फिकट पिवळी गोळी, भावजय हातमोजे घालून तिचे तुकडे करते. एक दिवस अर्धी, एक दिवस पाव. कागदावर पडलेला चुराही ती नीट गोळा करून बांधून ठेवते.

आधी डोस मोठा होता. महिन्याभरात रक्तपेशींचे काउंट इतके उतरले की औषधच थांबवावं लागलं. मग डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करवली. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात बदल निघाला. त्यामुळे हे औषध अंगात जास्त साठतं आणि नेहमीचा डोस झेपत नाही. आपल्याकडे साधारण दहात एकाच्या अंगात हा बदल असतो. आजाराशी त्याचा संबंध नाही, औषध पचवण्याशी आहे.

पण घरात 'जनुकीय' हा शब्द आला आणि आईनं तो बरोबर पकडला. "आमच्या घराण्यात कुणाला नव्हतं बाई असलं." भावजय भांडी घासत होती. नळ सुरू होता, तरी तिनं ऐकलं. मान वर केली नाही तिनं.

गेले आठ दिवस मी वाचतेय ते त्यासाठीच. २००९ मध्ये शास्त्रज्ञांना लहान मुलांच्या ल्युकेमियाशी जोडलेले काही बदल सापडले. एआरआयडी५बी, आयकेझेडएफ१ अशी त्या जनुकांची नावं. पण हे बदल कोट्यवधी धडधाकट माणसांत आहेत. पाश्चात्त्य देशांत दोन हजार मुलांत साधारण एकाला हा आजार होतो. असा एखादा बदल असला तर दोन हजारांत एकाच्या जागी दीड, फार तर दोन. एवढ्यावरून सुनेच्या माहेराकडे बोट दाखवायचं?

काही मुलांत जनुकांतला पहिला बिघाड आईच्या पोटातच होतो, बाळाच्या रक्तपेशी वाढताना. तो आई-बापाकडून येत नाही. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या जपून ठेवलेल्या थेंबात तो वर्षांनंतर सापडलाय. शंभरात निदान एक बाळ तो घेऊन जन्मतं, आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. पुढे आणखी बिघाड व्हावे लागतात. हे मी भावजयीला सांगायला गेले तर ती "पोटातच?" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. घाई केली मी. शेवटापासून सुरुवात करायला हवी होती.

आज रंकाळ्यावरून येताना आईला सगळं सांगितलं. पदपथावरच्या बाकावर बसून, सावकाश.

"म्हणजे ते औषध न पचायचं माझ्याकडनंबी आलं असंल?"

"असेल की. तुझ्याकडून दादाकडे, दादाकडून पिल्लूकडे. नाहीतर तिच्याकडून. तपासलंय कुणी?"

आई घरी येईपर्यंत बोलली नाही. जेवणं झाल्यावर वाती वळत बसली. मग आत बघत म्हणाली, "तिला उद्या उठवू नकोस लवकर. पाणी मी भरते."