सावकाश पळण्याची लाज

पाच किलोमीटर न थांबता पळता येऊ लागले की माणसाला दोन गोष्टी हमखास सुचतात. एक, नवे बूट घ्यावेत. दोन, कुठल्यातरी शर्यतीत नाव नोंदवावं. बुटांत फक्त पैसे जातात. नाव नोंदवलं की तारीख ठरते, आणि तारीख ठरली की घाई सुरू होते. आधी दहा किलोमीटर, मग हाफ मॅरेथॉन. तिचं नेमकं अंतर २१.०९७५ किलोमीटर, लोक एकवीस म्हणून मोकळे होतात आणि उरलेले साडेसत्त्याण्णव मीटर शर्यतीच्या दिवशी भेटतात.

ही घाई पायांना महागात पडते, कारण दम आधी तयार होतो आणि पाय मागाहून. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारतं. जिथे धाप लागायची तिथे माणूस आरामात पुढे जातो. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात. हाडाचा कारभार त्याहून विचित्र. नवा भार आला की ते आधी आतून थोडं पोखरलं जातं आणि मग भरून निघतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत दम म्हणत असतो, ‘अजून दोन किलोमीटर सहज होतील.’ होतातही. तक्रार चार दिवसांनी नडगीकडून येते. नडगीच्या आतल्या कडेला लांबट पट्टाभर दुखत असेल, तर अंतर निम्मं करून बहुतेकदा भागतं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, नुसतं चालतानाही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवावं आणि डॉक्टर गाठावा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

यावर उपाय एकच, आणि तो फार कमी लोकांना आवडतो: सावकाश पळणं. सावकाश म्हणजे किती? पळता पळता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, दोन-दोन शब्दांनी तुटलेली नव्हेत. पाच किलोमीटर जोर लावून साडेसहा मिनिटांच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं लावून होत असतील, तर लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं, पावणेआठ-आठच्या पेसने करावा. हे ऐकायला सोपं आहे. करताना बाजूने कोणी झपाझप चालत पुढे निघून जातं आणि मनाला फार लागतं. त्या क्षणी वेग वाढवणारे बरेच असतात. मग सोप्या पळण्याचा दिवस धड सोपा राहत नाही आणि पुढचा वेगाचा दिवस धड जोरात होत नाही. सगळा आठवडा एकाच मध्यम, दमवणाऱ्या वेगात निघून जातो.

आठवड्यात चार दिवस पळणं पुरे. त्यातले दोन सोपे, एकात थोडा वेग किंवा चढ, आणि एक लाँग रन. लाँग रनच्या किलोमीटरांची चढण साधारण अशी ठेवता येते: ६, ७, ८ आणि चौथ्या आठवड्यात परत ६, मग ९, १०, ११ आणि ८, मग १३, १४, १६ आणि ११, तेराव्या आठवड्यात १८, त्यानंतर १२, आणि पंधराव्यात शर्यत. मधले ते कमी अंतराचे आठवडे कागदावर वाया गेल्यासारखे दिसतात. ते गाळायचा मोह आवरावा, कारण पोखरलेलं भरून निघतं ते तेव्हाच. शर्यतीआधी एकदा पूर्ण एकवीस पळून बघायची हौसही नको, अठरा पुरतात. आणि लाँग रनमध्ये ठरवून चालण्यात कसलाच कमीपणा नाही. १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवेने पुढे नवख्यांना हेच शिकवलं: दमल्यावर चालू नका, दमायच्या आधीच चाला. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, आणि तेही पहिल्या किलोमीटरपासून.

सव्वा तासापर्यंतच्या पळण्याला अंगात साठवलेली साखर पुरते. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पळता पळता गिळायच्या गोड, दाट जेलच्या एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. पहिलं जेल पाऊण तासाच्या आसपास घ्यावं, गळाठल्यावर नव्हे, आणि सोबत पाणी प्यावं, नाहीतर पोट ढवळतं. पोटालाही सराव लागतो, म्हणून ही तालीम लाँग रनमध्येच उरकावी. पाणी तहानेप्रमाणे. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लास रिचवत गेल्यास रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रकरण जिवावरही बेतू शकतं.

बारा किलोमीटरपर्यंत ज्यांची आठवणही होत नाही, त्या गोष्टी पंधराव्याला बोलू लागतात. मांड्या आणि काखा घासून सोलवटतात, तिथे व्हॅसलिन. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. बुटात पुढे अंगठ्याएवढी रुंद जागा नसेल तर नखं काळी पडतात, कारण लांब पळताना पाय थोडा सुजतो.

शेवटचे दोन आठवडे आठवड्याचं एकूण अंतर निम्म्यावर आणायचं, पळण्याचे दिवस आणि थोडासा वेग मात्र ठेवायचा. याला टेपर म्हणतात आणि यात धीराची खरी परीक्षा होते. आता केलेल्या जादा मेहनतीचा फायदा शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा तेवढा लागतो. याच दिवसांत गुडघा उगाच कुरकुरतो, घसा खवखवल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा ते रिकामपणाचे खेळ असतात.

शर्यतीला नवं काहीही नको: बूट नको, मोजे नकोत, न्याहारीही नको. बिब, म्हणजे शर्यतीतला आपला नंबर, आदल्या रात्रीच चार पिनांनी टी-शर्टला पुढून लावून ठेवावा. सुरुवातीच्या रेषेजवळ घुसू नये. बिबला टायमिंग चिप असेल तर तुमची वेळ बहुधा तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरची, चिप वाचणारी मॅट ओलांडल्यापासून धरतात. पहिले दोन किलोमीटर गर्दी ओढून नेते, आणि सगळं सोपं वाटत असताना मुद्दाम मागे राहावं लागतं. घड्याळावरही फार विसंबू नये. मार्ग वळणांच्या आतल्या, सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि पळणारा बाहेरून वळतो, त्यामुळे घड्याळात एकवीस पूर्ण होतात तेव्हा शर्यत संपते ती कमान अजून दोन-तीनशे मीटर दूर असते.

कमान ओलांडल्यावर लगेच बसकण मारू नये, दहा मिनिटं चालत राहावं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना फारसं काही होत नाही. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि आदल्या दिवशी सर्वांत जास्त झिजलेले तेच असतात. कठडा धरून, एका बाजूला वळून, एकेक पायरी उतरावी. कोणी उलट्या पावलांनीही उतरतात. ते जास्त सोपं पडतं, फक्त घरात पाहुणे नसावेत.