वर्गातला तास कशासाठी ठेवायचा

रविवार, रत्नागिरी

नव्या सत्राचं वेळापत्रक हाती आलं. काही तास ऑनलाइन, बाकीचे वर्गात, आणि कोणता तास कुठे घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, असं विभागाच्या बैठकीत ठरलंय. मला हे मनापासून आवडलं. लॉकडाऊनमध्ये सगळंच ऑनलाइन होतं, तिथे निवड करायला वाव नव्हता. आता आहे.

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता यावा, असं त्यात सुचवलं होतं. तेव्हापासून स्टाफरूममध्ये बोलणं होतं ते या चाळीस टक्क्यांचंच. पहिली दोन युनिटं ऑनलाइन, उरलेली वर्गात, अशी वाटणी करून कामाला लागणारे सहकारी आहेत. मला ती पटत नाही. एकाच धड्यातला काही भाग मुलांनी घरी, थांबवत थांबवत ऐकलेला बरा आणि काही भागाला सगळा वर्ग समोरच लागतो. वाटणी करायची तर ती इथे.

भरती-ओहोटीचा धडा घेते. चंद्र-सूर्याची ओढ, दोन भरत्यांमधले साधारण १२ तास २५ मिनिटं, रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकणारी वेळ, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यांत लहान भरती. हे आकृतीसह रेकॉर्ड करून द्यावं. वर्गात ज्याला पहिल्यांदा कळत नाही तो सहसा दुसऱ्यांदा विचारत नाही. घरी तोच मुलगा ते तीनदा ऐकू शकतो.

मग वर्गातला तास तिथीच्या पाऊणपटीला देता येतो. किनाऱ्यावरच्या घरांत हे गणित तोंडपाठ असतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मागच्या वर्षी एका मुलीने फळ्यावर येऊन सगळा पक्ष मांडला आणि विचारलं, "मॅडम, अमावास्येला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. एका दिवसात दीड तास कसा काय?" त्यावरून वर्गात जी भांडणं झाली ती मला कुठल्याही स्क्रीनवर घडवता आली नसती. एकाने पुस्तकातली ५० मिनिटं पुढे केली. दुसरा म्हणाला, आमचे आजोबा पाऊणपटीवरच होडी काढतात, चुकत नाहीत. शेवटी त्यांचं त्यांनीच काढलं: पंधरा तिथींत भरती जवळजवळ बारा तास सरकायला हवी, पाऊणपटीने ती सव्वाअकराच सरकते, आणि मागे राहिलेला पाऊण तास पक्ष बदलताना एकदम भरून निघतो. वर्गातला तास मला यासाठी हवा आहे.

बुधवार

दुपारपासून लाईट नाही. मोबाइलला रेंज आहे, पण एका मुलाचा निरोप आलाय की त्यांच्या वाडीत कालपासून तीही नाही.

इथे ऑनलाइन म्हणजे 'सगळे सकाळी दहाला मीटवर या' असं असूच शकत नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी २० ऑक्टोबरला महाविद्यालयं उघडली आणि लगोलग एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शहरातली मुलं समोर बाकावर, जयगड-पूर्णगडकडची घरी. तेव्हा आठ-दहा मिनिटांचे ऑडिओ आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवत आम्ही वर्ग सांभाळला. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, तीही गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठीच. सामने आणि लांबचे प्रवास यांमुळे तिथल्या मुलांचे तास बुडायचे. वाचून फार जवळचं वाटलं.

त्यामुळे फाइल लहान हवी, रात्री रेंज आली की उतरवून घेता येईल अशी. फोन घरात एकच असतो हेही धरून चालायला हवं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील बोटीवर खलाशी आहेत, फोन त्यांच्याबरोबर जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने तो घरी. तिच्यासाठी ऑनलाइनचं काम याच दिवसांत जास्त ठेवलेलं सोयीचं, ऑगस्टपासून कमी.

आणि जी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, ती फोनवर बोलतात. रात्री उशिरा व्हॉइस नोट येते, घरच्या बोलीत, आणि प्रश्न बहुतेक वेळा वर्गातल्यापेक्षा नेमका असतो. वर्ग सुरू झाले म्हणून ही वाट बंद करायची नाही, हे पक्कं.

शनिवार

क्षेत्रभेटीचंही ठरवलं. पूर्वी सगळ्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर न्यायचं, डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून उतार मोजायचा, झालं. ते होईलच, कारण उपकरण हाताळायला हात तिथेच लागतात. पण आता प्रत्येकाने आपापल्या गावच्या किनाऱ्यावर एक खूण धरून दर महिन्याला तिथूनच फोटो काढायचा. पावसाळ्यात खचलेली पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, ऑक्टोबरनंतर पुन्हा कशी भरत जाते ते एकाच वेळी अनेक गावांत दिसेल. लांजा-संगमेश्वरकडच्या मुलांना समुद्र नाही, त्यांनी विहिरीची पातळी मोजायची. पूर्वी माझ्या वर्गाला एकच किनारा होता.

राहिला प्रश्न कामाचा. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. दहा मिनिटांचं नीट रेकॉर्डिंग करायला अख्खी संध्याकाळ जाते, रात्रीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची ती वेगळीच, आणि यातलं काही आमच्या वेळापत्रकात दिसत नाही. मला पगार चालू आहे, मी करीन. पण आमच्या विभागात तासिका तत्त्वावरचे दोघे आहेत. त्यांना वर्गात उभं राहिलेल्या तासाचे पैसे मिळतात. आवाज, आकृत्या, तपासणी या सगळ्याचे शून्य. शिकवण्याची हौस त्यांना माझ्याइतकीच आहे, म्हणून ते हे काम नाकारणार नाहीत, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. प्रत्येक ऑनलाइन तासामागे तयारीचा एक तास मानधनात धरावा, असं आज विभागप्रमुखांना लेखी दिलं. सोमवारच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या, रेकॉर्डिंगचं वाटप त्यानंतर, असंही त्यात लिहिलंय.