तुम्ही विचारलंत म्हणून: कॅटालिनाच का?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण माझ्या टेबलावरचं मॉडेल उचलतो आणि विचारतो, "स्पिटफायरसारखं लढाऊ विमान सोडून हे बोजड विमान का हो?" आज नीट सांगतो.

हे कॅटालिना, दुसऱ्या महायुद्धातलं टेहळणीचं विमान. याचं पोट होडीचं, त्यामुळे धावपट्टी लागत नाही. एखादं तळं नाहीतर शांत खाडी मिळाली की झालं. पाण्यावर तोल सांभाळणारे फ्लोट उड्डाणानंतर वर दुमडतात आणि पंखाचंच टोक होऊन बसतात. मागच्या बाजूला दोन्ही अंगांना काचेचे मोठे फुगे आहेत. मॉडेल जोडताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्यांच्यावरच. ग्लूचं बोट लागलं की काच कायमची धुरकट होते, आणि या विमानाचं तर कामच पाहण्याचं. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, तासन्‌तास, नुसता समुद्र न्याहाळायचा. मे १९४१मध्ये ब्रिटिशांच्या हातून निसटलेली जर्मन युद्धनौका 'बिस्मार्क' कॅटालिनानंच हुडकली.

पण माझा जीव अडकलाय तो ४ एप्रिल १९४२ या दिवसात. श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, गॉलजवळ कोग्गलाचं सरोवर आहे. कॅनडाच्या हवाई दलातल्या ४१३ स्क्वाड्रनचा वैमानिक लेनर्ड बर्चल तिथं येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. सकाळपासून तो आणि त्याचे आठ सोबती रिकामा समुद्र बघत होते. परत फिरायच्या बेतात असताना दक्षिणेला क्षितिजावर ठिपके दिसले. जवळ जाऊन बघतात तो ॲडमिरल नागुमोचा जपानी ताफा, पाच विमानवाहू नौकांसह.

जपान्यांची 'झीरो' लढाऊ विमानं तुटून पडली. पळून जाणं शक्यच नव्हतं. ताफा दिसल्याचा संदेश तीनदा पाठवायचा असा नियम होता. तिसऱ्या खेपेला, अर्ध्यावर असतानाच, वायरलेसच्या चिंधड्या झाल्या. विमान समुद्रात कोसळलं. तिघे गेले, सहा जण जपान्यांच्या हाती लागले.

"संदेश पाठवलात का?" मारहाण करत विचारणं सुरू झालं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. तेवढ्यात कोलंबोहून हाक आली आणि ती जपान्यांनीही ऐकली: तुमचा संदेश पुन्हा पाठवा. मग पुन्हा मार.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बॉम्ब पडले. पण शहर सावध होतं, बंदरातली बरीच जहाजं बाहेर निघून गेली होती. सगळंच काही वाचलं नाही. 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या दोन ब्रिटिश क्रूझर युद्धनौका त्याच दिवशी बुडाल्या.

बर्चल युद्ध संपेपर्यंत कैदेत होता. त्याला पुढे 'सिलोनचा तारणहार' म्हणू लागले, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आधी आठवतो तो वायरलेसवर बसलेला माणूस. गोळ्या विमानाच्या पोटातून आरपार जात असताना तेच शब्द पहिल्यापासून पुन्हा पाठवणारा.

मॉडेलमध्ये त्याची जागा वैमानिकांच्या मागे येते. दोन्ही अर्धुकं चिकटवली की ती बाहेरून दिसतही नाही. तरी ते छोटं टेबल आणि वायरलेसचा डबा मी रंगवून आत बसवलाय.