बीड ते लातूर, उसाच्या हंगामात: जाणारा-येणारा हेडलाइट कसा सापडला

मार्ग साधा आहे. छत्रपती संभाजीनगरहून राष्ट्रीय महामार्ग ५२ धरायचा, पाचोड, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई करत बीड गाठायचं. बीडच्या पुढे रस्ता बालाघाटाच्या डोंगरात चढतो आणि मांजरसुंब्याला फाटा येतो. महामार्ग सरळ धाराशिव-तुळजापूरकडे जातो, आपण डावीकडे नेकनूर, केज, अंबाजोगाई. अंबाजोगाईहून बर्दापूर, रेणापूर करत लातूर. संभाजीनगर ते बीड साधारण १३० किलोमीटर, बीड ते अंबाजोगाई नव्वदच्या आसपास, तिथून लातूर साठेक. उन्हाळ्यात हे अंतर काहीच वाटत नाही. डिसेंबरात मात्र सहाच्या आत सूर्य बुडतो आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाल दिवा असेलच असं नाही. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी तो धुळीने किंवा पाचटाने झाकलेला. अशा रस्त्यावर आपला हेडलाइट हाच एकमेव आधार, आणि माझा नेमका नेकनूरच्या अलीकडे गेला.

गाडी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, २०१५ ची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, ही त्याआधीची, म्हणजे लाईटचं बटण असलेली. बल्ब एच-४, ६०/५५ वॅटचा हॅलोजन, बॅटरीवर म्हणजे डीसीवर चालणारा. हे सांगतोय कारण पुढचं सगळं निदान त्यावर अवलंबून आहे. जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट इंजिनावर वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या एसीवर चालतो. तिथे इंजिनाचे आरपीएम पडले की उजेड मंदावतो, तो बिघाड नसतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते बघायला सोपं आहे: इंजिन बंद, चावी चालू, लाईटचं बटण दाबा. हेडलाइट लागला तर डीसी.

बीडपासूनच एक-दोनदा रस्त्यावरच्या खड्ड्यात उजेड लुकलुकल्यासारखा वाटला होता. मांजरसुंब्याचा चढ संपून पठारावर आलो तेव्हा पूर्ण काळोख झाला होता. एका गतिरोधकावरून गाडी उतरली आणि समोरचं सगळं नाहीसं झालं. दोन-तीन सेकंदांनी परत उजेड. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा नाही, मागून कुणी येत असेल तर त्याला आपण दिसतोय याचीही खात्री नसते. इंडिकेटर लावून हळूहळू डांबराच्या कडेला आलो आणि पुढच्या धाब्याच्या ट्यूबलाईटच्या उजेडात गाडी लावली.

येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाचा त्रास हाच की मेकॅनिकपाशी गेलात की सगळं व्यवस्थित चालतं. तो बल्ब हलवतो, कपलर (वायर जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) दाबतो, लाईट लागते, तुम्ही पैसे देऊन निघता आणि वीस किलोमीटरवर पुन्हा अंधार. म्हणून माझं ठाम मत आहे: काहीही बदलण्याआधी बिघाड चालू असताना पकडा. हेडलाइट गेलेला असतो त्या दोन-तीन सेकंदांत बाकी काय चालू आहे आणि काय बंद आहे, एवढंच बघा. अर्ध्याहून जास्त निदान तिथेच होतं.

माझ्या गाडीत हेडलाइट गेला तेव्हा मीटरचा दिवा चालू होता, पार्किंगचे बारीक दिवे चालू होते, हॉर्न वाजत होता, टेल लाइट लागलेला होता. म्हणजे बॅटरी, मुख्य फ्यूज आणि चावीचा स्विच संशयातून सुटले. हेही दिवे सोबत गेले असते तर शोध बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरू केला असता. अप्पर (लांबचा उजेड) केलं तरी अंधार, डिपर (जवळचा उजेड) केलं तरी अंधार. एच-४ बल्बमध्ये दोन वेगवेगळ्या तारा (फिलामेंट) असतात, दोन्ही एकाच क्षणी तुटून पुन्हा एकाच क्षणी जुळणं अशक्यच, म्हणून बल्बवरचा संशय बराच कमी झाला. फक्त डिपर जात असता आणि अप्पर टिकत असता तर बल्बची तार, अप्पर-डिपरच्या स्विचमधला एक कॉन्टॅक्ट किंवा त्या एकाच वायरचा दोष, असं शोधलं असतं.

खरी खूण दिली ती मीटरमधल्या निळ्या दिव्याने. हा दिवा अप्पर असतानाच लागायला हवा. माझ्याकडे डिपर लावलेला होता, हेडलाइट गेला की तो निळा दिवा उजळायचा, हेडलाइट परत आला की विझायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं डोळ्यांचा भास असेल, म्हणून उभ्या गाडीवर पुन्हा करून पाहिलं. तेच.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बल्बला तीन पाय असतात: एक डिपरचा, एक अप्परचा आणि एक दोघांचा मिळून अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वाट. अर्थ नीट असेल तर डिपरचा करंट आपल्या तारेतून अर्थला जातो. अर्थची वायर तुटली तर त्याला वाट उरत नाही. मग तो डिपरच्या तारेतून अप्परच्या तारेत उलटा शिरतो, अप्परच्या वायरने वर जातो आणि मीटरमधल्या निळ्या दिव्यातून अर्थला पोचतो. तो बारीक दिवा जेमतेम दोन वॅटचा, त्याला पुरेल एवढाच करंट वाहतो. त्यामुळे तो लागतो आणि मोठा बल्ब काळा राहतो. डिपरवर असताना हेडलाइट विझला आणि निळा दिवा लागला, तर बल्ब, फ्यूज, स्विच सगळं बाजूला ठेवा आणि हेडलाइटचा अर्थ तपासा. काही नव्या गाड्यांत मीटर इलेक्ट्रॉनिक असतं, तिथे ही खूण दिसेलच असं नाही.

धाब्यावर इंजिन बंद करून चावी चालू ठेवली, लाईट लावली आणि हँडल हळूहळू फिरवलं. उजवीकडे पूर्ण वळवलं, काही नाही. डावीकडे पूर्ण वळवलं, लाईट गेली. सरळ केलं, आली. दहा वेळा केलं तर दहाही वेळा. म्हणजे जागाही कळली: हेडलाइटच्या डब्यातून वायरिंग जिथे हँडलच्या मानेला वळसा घालून टाकीखाली जातं, तिथे. हँडलच्या प्रत्येक वळणाला तिथली वायर वाकते. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतली तांब्याची एकेक तार तुटत जाते.

माझ्या पिशवीत साधा मल्टिमीटर असतो. तीन-चारशे रुपयांत मिळतो, हेल्मेटनंतर लांबच्या प्रवासाला मी त्याचाच आग्रह धरतो. लाईट चालू असताना एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं बल्बच्या कपलरमधल्या अर्थच्या पायाला लावलं. हँडल सरळ असताना १.१ व्होल्ट. चांगल्या अर्थमध्ये इथे ०.२ च्या आत दिसायला हवं. हँडल डावीकडे वळवल्यावर आकडा थेट बाराच्या वर गेला, म्हणजे वाट पूर्ण तुटली. मुद्दा असा की लाईट चालू होती तेव्हाही एक व्होल्टहून जास्त वाया जात होतं. हॅलोजनचा व्होल्टेज दहा टक्के घटला तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. ‘हल्ली लाईट पिवळट पडते’ असं वाटत असेल तर जास्त वॅटचा बल्ब टाकण्याआधी ही मोजणी करा. १०० वॅटचा बल्ब आठ अँपिअरच्या वर करंट ओढतो, मूळ वायरिंग आणि कपलर तेवढ्यासाठी नसतात. कपलर वितळलेल्या गाड्या बहुतेक वेळा याच कारणाने वितळलेल्या असतात.

तात्पुरती सोय अशी केली. हेडलाइटची रिंग सोडवली, कपलरच्या अर्थच्या पायापाशी एका नव्या वायरचं सोललेलं टोक घट्ट बसवलं, ती वायर मानेच्या बाहेरून सैल वळसा देऊन नेली आणि टाकीच्या पुढच्या बाजूला चासीच्या एका बोल्टाखाली रंग खरवडून दाबली. वायर १.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, मोबाइल चार्जरची बारीक वायर पाच अँपिअरला तापते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही हे बघितलं. लाईट इतकी पांढरी लागली की चहा देणारा पोरगा बघायला आला. तरीही त्या रात्री केजच्या पुढे गेलो नाही. हाताने बसवलेलं टोक खड्ड्यात निसटलं तर पुन्हा तोच अंधार, आणि केजच्या पुढे उसाची वाहतूक आणखी दाट होती.

सकाळी अंबाजोगाईला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वयस्कर माणूस, दुकान एका टपरीएवढं. मी बल्बचं नाव काढायच्या आत म्हणाले, “दादा, आधी हे सांगा, हँडल वळवल्यावर जायलीय का लाईट?” हो म्हटल्यावर त्यांनी सरळ टाकी उतरवायला घेतली. हार्नेसवरची (वायरींच्या जुडग्यावरची) टेप सोलली, काळी वायर बोटांत धरली आणि दोन्हीकडून हलकेच ताणली. एका जागी प्लास्टिक रबरासारखं लांबलं आणि बारीक झालं. “बगा, इथं आत काहीच नाही.” ब्लेडने चिरल्यावर आत तांब्याच्या दोन-तीनच तारा उरल्या होत्या, त्याही हिरवट पडलेल्या. ही ताणून बघायची युक्ती कुठल्याही संशयित वायरवर करता येते: धड वायर लांबत नाही, कारण आतलं तांबं तिला धरून असतं.

कारणही तिथेच सापडलं. हँडलवर मोबाइल होल्डर आणि चार्जर बसवणाऱ्या दुकानात सगळा हार्नेस प्लास्टिकच्या टायने मानेपाशी करकचून आवळला होता. वायरला सरकायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक वळणाला ती एकाच बिंदूत वाकत राहिली. गाडी प्रेशरने धुताना पाणीही तिथेच शिरत होतं. तुमच्या गाडीवर असं काही नंतर बसवलेलं असेल तर आजच मानेपाशी हात घालून बघा. टाय कापून सैल बांधायला पाच मिनिटं लागतात.

त्यांनी जोड कुठे दिला ते मला फार आवडलं. तुटलेल्या जागीच सोल्डर केलं असतं तर काम लवकर झालं असतं, पण सोल्डर केलेला भाग कडक होतो आणि वाकणाऱ्या जागी त्याच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. म्हणून कपलरपासून टाकीखालपर्यंत नवी सलग वायर टाकली, आणि जोड टाकीखाली, जिथे काही हलत नाही तिथे, वर हीट श्रिंक स्लीव्ह. कपलरचा पाय किंचित काळवंडला होता, तोही बदलला. नंतर मोजलं: अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्ट. हँडल कुठेही वळवा, आकडा हलत नाही.

ज्यांच्या खुणा वेगळ्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर लाईट जाते आणि थांबून गार झाल्यावर येते, तर कपलर बोटाने चाचपा. तापलेला, तपकिरी पडलेला असेल तर तिथला कॉन्टॅक्ट सैल आहे. एलईडी बल्ब टाकलेला असेल तर त्याचा ड्रायव्हरही (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) असाच तापून बंद पडतो. पावसात किंवा धुतल्यावरच त्रास होत असेल तर अप्पर-डिपरचा स्विच उघडून साफ करा, डिपर-पासचं (क्षणभर अप्पर चमकवण्याचं) बटण दाबल्यावर क्षणभर लाईट येते का तेही बघा. पास दाबल्यावर नीट लागली तर बल्ब, अर्थ आणि अप्परची वायर तिन्ही धड आहेत, दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या पुरवठ्यात. बल्ब सारखे उडत असतील तर इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साडेतेरा ते साडेचौदा ठीक, पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेला.

अंबाजोगाईला मग दुपारपर्यंत थांबलो. योगेश्वरीचं दर्शन, मुकुंदराजांची समाधी, हत्तीखान्याची लेणी. समाधीकडे जाताना दरीच्या काठाने रस्ता आहे, तो दिवसाच करावा. पुढे लातूरला निलंगा राईस खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी औसा करून खरोशाची लेणी पाहिली. ती जांभ्या दगडात कोरलेली आहेत, बेसॉल्टच्या वेरूळची सवय झालेल्या डोळ्यांना तो तांबडा, सच्छिद्र दगड अगदी वेगळा वाटतो. वाटेत ज्वारी हुरड्यावर आलेली होती.

सोबत काय ठेवायचं: त्याच प्रकारचा एक बल्ब, रेटिंगनुसार दोन-तीन फ्यूज, दीड मीटर वायर, इन्सुलेशन टेप, छोटा पेचकस, मल्टिमीटर आणि डोक्याला बांधायचा टॉर्च. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलाचा डाग राहिला की बल्ब लवकर जातो. निघण्याआधी घराच्या भिंतीसमोर लाईट लावून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि निळ्या दिव्यावर लक्ष ठेवा.

वेळेचं गणित असं ठेवा की हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, मांजरसुंबा दुपारी तीनच्या आत ओलांडाल. केजला पोचेपर्यंत दिवस कलला असेल तर तिथेच मुक्काम करा आणि अंबाजोगाईचा टप्पा सकाळी घ्या.